युद्ध संपले, छावण्या उरल्या

दुसरे महायुद्ध केव्हा संपले, असा प्रश्न विचारला तर शाळेत शिकलेली उत्तरे चटकन ओठांवर येतात. युरोपात ८ मे १९४५ रोजी आणि पूर्वेकडे १५ ऑगस्ट १९४५ रोजी. नेमकेपणाचा आग्रह धरणारे सांगतील की जपानच्या शरणागतीवर प्रत्यक्ष सह्या झाल्या त्या २ सप्टेंबरला, टोकियोच्या उपसागरात उभ्या असलेल्या ‘मिसुरी’ या अमेरिकन युद्धनौकेवर. ही उत्तरे बरोबर आहेत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तहावर सही होते तो क्षण सेनापतींचा असतो. शिपाई घरी पोहोचतो, कैदी सुटतो, निर्वासिताला छप्पर मिळते आणि रेशनची रांग बंद होते, ते दिवस निराळे असतात आणि त्यांची नोंद बहुधा कुणी ठेवत नाही.

आपल्या भोपाळच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. येथे बॉम्ब पडला नाही, तोफ धडाडली नाही. त्यामुळे महायुद्धाचा आणि आपल्या शहराचा काही संबंध असेल असे सहसा कुणाला वाटत नाही. तरीही इंदूरच्या रस्त्याने शहराबाहेर पडताना जी मोठी वस्ती लागते, जिला आपण जुन्या सवयीने बैरागढ म्हणतो आणि जिचे आजचे नाव संत हिरदाराम नगर आहे, ती वस्ती या महायुद्धाच्या शेवटातून जन्मली आहे. तिचा इतिहास सांगायचा तर आफ्रिकेच्या डोंगरांपासून सुरुवात करावी लागते. आणि त्या डोंगरांत आपल्याला सातारा, कोल्हापूर, कुलाबा, अहमदनगर या जिल्ह्यांतली माणसे भेटतात.

इटली युद्धात उतरली ती १० जून १९४० रोजी. लिबिया, इरिट्रिया, सोमालिया आणि नुकताच जिंकलेला इथिओपिया असे तिचे आफ्रिकेतले साम्राज्य होते. डिसेंबर १९४० मध्ये ब्रिटिश आणि हिंदी फौजांनी इजिप्तच्या सरहद्दीवर सिदी बर्रानी येथे चढाई केली आणि अवघ्या दोन महिन्यांत सुमारे एक लाख तीस हजार इटालियन सैनिक कैद झाले. इतक्या कैद्यांना ठेवायचे कोठे, हा विजेत्यांपुढचा पहिला प्रश्न होता. त्यापाठोपाठ इरिट्रियातली मोहीम आली. केरेन या डोंगरी ठाण्यासाठी फेब्रुवारी आणि मार्च १९४१ असे जवळपास आठ आठवडे झुंज चालली. चौथी आणि पाचवी हिंदी डिव्हिजन तेथे लढल्या. पाचव्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती. उघड्या खडकाळ उतारांवरून, वरून येणाऱ्या माऱ्याखाली, पाण्यासकट सारे सामान पाठीवर घेऊन वर चढणे हे काम सह्याद्रीत वाढलेल्या शिपायांनाही सोपे नव्हते. २७ मार्चला केरेन पडले. मे महिन्यात अंबा अलागी येथे ड्यूक ऑफ ऑस्टा याने शरणागती पत्करली आणि इटलीचे पूर्व आफ्रिकेतले साम्राज्य जवळजवळ संपले.

कैद्यांना ठेवण्यासाठी निरनिराळ्या देशांत सोय करण्यात आली. त्यांतले साठ हजारांहून अधिक हिंदुस्थानात आणले गेले. बंगळूर, डेहराडून, कांगड्यातले योल, बिहारमधले रामगढ आणि आपले भोपाळ ही त्यांची मुख्य ठिकाणे. भोपाळची निवड का झाली असावी हे नकाशा पाहिला की कळते. समुद्र दूर, सरहद्द दूर, दिल्ली-इटारसी हा हमरस्त्यासारखा लोहमार्ग हाताशी, उज्जैनकडे जाणारा फाटा थेट बैरागढवरून जाणारा, आणि मोकळी पठारी जमीन मुबलक. शिवाय राज्य संस्थानी. नवाब हमीदुल्ला खान युद्धप्रयत्नांत इंग्रज सरकारच्या पाठीशी होते. बैरागढच्या माळावर बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या, काटेरी तारांची कुंपणे पडली, पहाऱ्याचे मनोरे आले. ज्या मुलखात तोवर बहुतेकांनी इटलीचे नावही ऐकले नसेल, तेथे हजारो इटालियन तरुण येऊन पडले.

युद्धकैदी हा गुन्हेगार नसतो. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार त्याला पोटभर अन्न, औषधपाणी, घरी पत्र लिहिण्याची मुभा आणि धर्माचरणाची मोकळीक द्यावी लागते. साध्या शिपायांना काम देता येते, अधिकाऱ्यांना सक्तीने काम लावता येत नाही. बंदीवासातल्या माणसाला सर्वांत जास्त जाचते ती शिक्षेची मुदत ठाऊक नसणे. तुरुंगातल्या कैद्याला आपली सुटका केव्हा ते माहीत असते. युद्धकैद्याला ते सांगणारा जगात कोणी नसतो.

इटलीच्या कैद्यांच्या नशिबी तर आणखी एक चमत्कारिक फेरा आला. जुलै १९४३ मध्ये मुसोलिनी पदच्युत झाला. ३ सप्टेंबरला इटलीने गुप्तपणे युद्धबंदीचा करार केला आणि ८ सप्टेंबरला तो जाहीर झाला. १३ ऑक्टोबरला इटलीच्या राजाच्या सरकारने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लढताना हे शिपाई कैद झाले होते, त्यांच्याच बाजूला त्यांचा देश आता उभा होता. इकडे उत्तर इटलीत मुसोलिनीचे दुसरे सरकार जर्मनांच्या आश्रयाने चालू होते. कैद्यांपुढे प्रश्न टाकण्यात आला की सहकार्य करणार की नाही. काहींनी होकार दिला, काहींनी शपथ मोडण्यास नकार दिला. एकाच छावणीत, एकाच गावच्या माणसांत, त्यावरून फळी पडली. आणि होकार देणारेही घरी गेले नाहीत. जहाजे युद्धसामग्रीसाठी हवी होती, कैद्यांसाठी नव्हती.

आता याच वेळी दुसऱ्या बाजूला काय चालले होते ते पाहिले पाहिजे, कारण त्यात आपली माणसे आहेत. केरेनला लढलेली मराठ्यांची तिसरी पलटण पुढे इटलीत उतरली. १० जुलै १९४४ रोजी उत्तर टायबरच्या खोऱ्यात, मोंतोने गावाजवळ, नायक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील सारे सैनिक मशीनगनच्या माऱ्यात मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले, ग्रेनेड फेकून तोफ बंद पाडली, तोफचालकाला गोळी घातली, आणि बंदूक भरायला वेळ नाही असे पाहून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांवर तुटून पडले. लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते तेथेच धारातीर्थी पडले. वय अवघे बावीस. रायगड जिल्ह्यातील माणगावजवळच्या पळसगावचे हे शिपाई. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना माऱ्यातून पाठीवर वाहून आणले आणि नंतर एकट्याने मशीनगनची ठाणी मोडून काढली. ते अहमदनगर जिल्ह्यातले. त्यांनाही हाच मान मिळाला आणि ते जिवंत परतले. इटलीच्या मोहिमेत दिले गेलेले व्हिक्टोरिया क्रॉस वीस. त्यांपैकी सहा हिंदी सैनिकांना मिळाले.

तारखा जुळवून पाहिल्या म्हणजे मन थबकते. माणगावचा तरुण मोंतोनेच्या टेकडीवर पडला, त्या दिवशी मोंतोनेसारख्याच कुठल्या तरी इटालियन खेड्यातले तरुण आपल्या बैरागढच्या तारेआड पत्रांची वाट पाहत बसले होते. त्याची जमीन यांच्या देशात, यांची जमीन त्याच्या देशात. दोघांपैकी कुणालाही हे युद्ध का चालू आहे हे विचारण्यात आले नव्हते. हिंदुस्थान युद्धात उतरल्याची घोषणा ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदी पुढाऱ्यांना न विचारता केली होती, आणि इटलीची घोषणा मुसोलिनीने रोमच्या सज्जात उभे राहून केली होती.

इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती २ मे १९४५ रोजी अमलात आली. म्हणजे नामदेव जाधव यांच्या पराक्रमानंतर तेविसाव्या दिवशी. ३ मे रोजी रंगून परत घेतले गेले. आठवड्याभरात युरोपातले युद्ध संपले. ऑगस्टच्या ६ आणि ९ तारखांना हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबॉम्ब पडले, १५ ऑगस्टला जपानच्या सम्राटाने नभोवाणीवरून शरणागती जाहीर केली, आणि १२ सप्टेंबरला लॉर्ड माउंटबॅटन यांनी सिंगापूर येथे आग्नेय आशियातील जपानी सैन्याची शरणागती स्वीकारली. पुढे सत्तांतराचा दिवस ठरवताना याच माउंटबॅटन यांनी जपानच्या शरणागतीची दुसरी वर्षतिथी निवडली, असे त्यांनीच नंतर सांगितले. आपला स्वातंत्र्यदिन महायुद्धाच्या शेवटाशी असा तारखेनेही बांधलेला आहे.

परंतु युद्ध संपले म्हणजे काय झाले? १९३९ साली सुमारे दोन लाख असलेले हिंदी सैन्य १९४५ साली पंचवीस लाखांवर गेले होते. त्यातले सुमारे सत्याऐंशी हजार परत आले नाहीत. उरलेल्यांना घरी पाठवायचे होते, आणि जहाजे, गाड्या, नोकऱ्या सगळ्यांचीच टंचाई होती. शिपाई गावी आला तो हाती थोडी शिल्लक, एक ट्रंक आणि पदके घेऊन. ज्याला युद्धात मोटार चालवता येऊ लागली, वायरलेस समजू लागली, त्याला गावात त्याचा काही उपयोग नव्हता. काहींची सुटी आणखीच लांबली. नामदेव जाधव यांची पहिली पलटण युद्धानंतर जपानवरच्या ताबा-सैन्यात रवाना झाली आणि १९४७ मध्ये परतली. सिंगापुरात पकडले गेलेले आणि आझाद हिंद सेनेत गेलेले शिपाई आरोपी म्हणून परत आले. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला आणि देश पेटून उठला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौसैनिकांचा उठाव सुरू झाला. त्याच महिन्याच्या शेवटी आपल्या शेजारच्या जबलपुरात लष्कराच्या सिग्नल केंद्रातील शिपायांनी बंड केले. ज्या सैन्याच्या बळावर साम्राज्याने युद्ध जिंकले त्या सैन्यावर आता विसंबता येत नाही, हे इंग्रजांना उमगले. युद्धाच्या शेवटातून स्वातंत्र्य निघाले ते या वाटेनेही.

शिपाई नसलेल्या घरांतही युद्ध लगेच संपले नाही. रेशन आणि कंट्रोल हे दोन शब्द आपल्या घरच्या मराठीत या युद्धाने आणून ठेवले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. केंद्रात स्वतंत्र अन्न खाते निघाले ते डिसेंबर १९४२ मध्ये, युद्धाच्या गरजेपोटी. सरकारी सेवेत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना ठाऊक आहे की तात्पुरते म्हणून निघालेले खाते सहसा बंद होत नाही. नागरी पुरवठ्याच्या कचेऱ्यांत पुढची अनेक दशके जे कामकाज चालले त्याचे मूळ युद्धकाळातल्या नियंत्रणांत आहे. युद्धाच्या शेवटी इंग्लंड हिंदुस्थानचे सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होते. कर्जदार देश धनको झाला खरा, पण ती रक्कम म्हणजे या देशातून उचललेला माल, अन्न आणि श्रम यांची नोंद होती. ते ज्यांनी सोसले त्यांच्या हाती त्यातले काही आले नाही.

बैरागढची छावणी १९४५ च्या विजयानंतरही लगेच रिकामी झाली नाही. इटालियन कैद्यांची पाठवणी मुख्यतः १९४६ मध्ये झाली. म्हणजे सिदी बर्रानीला सापडलेला माणूस पाच-सहा वर्षांनी घरी पोहोचला, आणि ज्या राजाच्या नावाने तो लढला होता त्या राजाची गादी त्याच वर्षी जूनमधल्या जनमतकौलाने गेली होती. जे येथेच मेले त्यांचे अवशेष या भूमीत राहिले. मुंबईत शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत इटालियन युद्धकैद्यांचे स्मारक आहे. १० फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये इटलीशी शांततेचा तह झाला. त्यावर हिंदुस्थानचीही सही आहे, आणि ती सही झाली तेव्हा हिंदुस्थान अजून स्वतंत्र व्हायचा होता. जपानशी तर स्वतंत्र भारताने १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहापासून दूर राहून, युद्धखंडणीचा हक्क सोडून, ९ जून १९५२ रोजी निराळा तह केला. कागदोपत्री आपले जपानशी असलेले युद्ध २८ एप्रिल १९५२ पर्यंत चालू होते, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल.

बराकी रिकाम्या झाल्या आणि त्यानंतर वर्षभरातच फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले. सिंध मात्र अखंडच पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासिताला पूर्व पंजाब होता, बंगाल्याला पश्चिम बंगाल होता. सिंधी हिंदूला स्वतःच्या भाषेचा असा एकही जिल्हा या बाजूला उरला नाही. कराचीहून बोटीने आणि आगगाडीने लाखो माणसे आली, आणि त्यांना ठेवायचे कोठे हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९४१ सालचाच प्रश्न. फक्त माणसे निराळी. उत्तरही तेच मिळाले. युद्धाने बांधलेल्या बराकी उभ्या होत्या. इटालियन शिपाई गेले त्या बैरागढात सिंधी कुटुंबे आली.

ही गोष्ट भोपाळपुरती नाही. कल्याणजवळ युद्धकाळात लष्कराची मोठी तात्पुरती छावणी होती. फाळणीनंतर तेथे सुमारे एक लाख सिंधी निर्वासित वसवले गेले, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथल्या जुन्या रहिवाशांच्या तोंडी अजूनही ‘कॅम्प नंबर’ असतो. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. रशियाने पूर्व पोलंड बळकावल्यावर सैबेरियात हाकलले गेलेले, इराणमार्गे येथवर आलेले, बहुतेक स्त्रिया आणि मुले. युद्ध जिंकले पण त्यांचे गाव रशियाच्या हद्दीत गेले, त्यामुळे त्यांच्यातल्या अनेकांना घर असे उरलेच नाही. ते इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे गेले. मग वळिवड्याच्या त्याच बराकींत सिंधी आले आणि त्या जागेचे गांधीनगर झाले. एका छावणीत बेघर झालेली दोन निरनिराळी राष्ट्रे एकामागून एक नांदली.

बैरागढ, उल्हासनगर, गांधीनगर ही तीन नावे एका ओळीत लिहिली म्हणजे महायुद्धाचा शेवट आपल्या भूमीवर कसा झाला ते दिसते. युद्धात बांधलेल्या वस्तू मोडून भंगारात जातात, हा सामान्य अनुभव. येथे मात्र छावणीचे गाव झाले, गावाची बाजारपेठ झाली, आणि आज बैरागढच्या कापडबाजारात लग्नाचा बस्ता बांधायला जाणाऱ्या आपल्या लेकीसुनांना पायाखालच्या जमिनीवर कधी काळी इटालियन तरुण कवायत करीत होते याची कल्पना नसते. नसावी हे एका परीने चांगलेच. बंदीशाळेचा बाजार झाला, यापेक्षा चांगले रूपांतर त्या जागेचे दुसरे काय व्हायचे होते? सिंधी समाजाने ते स्वकष्टाने घडवून आणले. त्यांची भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात यायला मात्र १९६७ साल उजाडावे लागले.

युद्धाच्या शेवटाबरोबर भोपाळ संस्थानाचाही शेवट जवळ आला. नवाब हमीदुल्ला खान १९४४ पासून नरेंद्र मंडळाचे चान्सेलर होते. संस्थाने ही तिसरी स्वतंत्र शक्ती व्हावी हा त्यांचा मनसुबा १९४७ च्या उन्हाळ्यात ढासळला आणि ऑगस्टमध्ये त्यांनी सामीलनाम्यावर सही केली. पण संपूर्ण विलीनीकरणासाठी लोकांना आंदोलन करावे लागले. १४ जानेवारी १९४९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, नर्मदाकाठच्या बोरास येथे तिरंगा उभारणाऱ्या तरुणांवर गोळीबार झाला आणि त्यात बळी गेले. ३० एप्रिलला विलीनीकरणाचा करार झाला, १ जून १९४९ पासून राज्य केंद्राकडे आले. भोपाळचे नाव धारण करणारी एक जुनी पलटण होती. १८५७ नंतर सिहोर येथे उभारलेली, पहिल्या महायुद्धात १९१४ च्या ऑक्टोबरात फ्रान्समधल्या न्यव्ह शापेलला रक्त सांडलेली नववी भोपाळ इन्फंट्री. १९२२ च्या पुनर्रचनेत ती सोळाव्या पंजाब रेजिमेंटची चौथी पलटण झाली, आणि १९४७ च्या सैन्यवाटणीत ती रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. भोपाळची पलटण परदेशी झाली, आणि परदेशी झालेल्या सिंधची माणसे भोपाळची झाली.

या साऱ्याशी आपला, म्हणजे भोपाळच्या मराठी कुटुंबांचा, संबंध काय, असे कुणी विचारील. मराठ्यांचे आणि भोपाळचे नाते जुने आहे. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामाला येथेच कोंडले आणि पुढच्या जानेवारीत दुराहा सराईचा तह झाला. १८१२-१३ मध्ये नागपूर आणि ग्वाल्हेरच्या फौजांनी या शहराला वेढा घातला होता. तथापि आपल्यातली बहुसंख्य घराणी तलवारीबरोबर आली नाहीत, ती बदलीच्या हुकुमाबरोबर आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, नागपूरची राजधानी गेली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि नागपूरच्या सचिवालयातली कपाटे, फायली आणि कारकून भोपाळला निघाले. ग्वाल्हेर आणि इंदूर येथूनही माणसे आली. राजधानीला घरे नव्हती. मिंटो हॉलमध्ये विधानसभा भरली, संस्थानी इमारतींत कचेऱ्या बसल्या, आणि कर्मचाऱ्यांसाठी क्वार्टरांच्या रांगा उठल्या. त्या वसाहतीला येवल्याच्या तात्या टोपे यांचे नाव मिळाले हा आपल्याला सुखावणारा योग. टी. टी. नगरच्या पत्त्यावर राहणाऱ्या किती मुलांना त्या दोन अक्षरांचा अर्थ माहीत आहे, हा मात्र निराळा प्रश्न.

आपले येणे आणि बैरागढच्या सिंधी कुटुंबांचे येणे यांत एका दशकाहून कमी अंतर आहे. दोघेही आपली भाषा घेऊन परक्या मुलखात आले. फरक मोठा आहे आणि तो नजरेआड करता कामा नये. आपल्यामागे नागपूर होते, पुणे होते. सुटीत आजोळी जाता येत होते. त्यांच्यामागचे दार बंद झाले होते. आपल्याला सरकारने पगार आणि क्वार्टर देऊन आणले, त्यांना बराकीचा एक भाग मिळाला. एवढे असूनही गेल्या सत्तर वर्षांत या दोन समाजांत दुकानदार आणि गिऱ्हाईक यापलीकडचे नाते फारसे जुळले नाही, ही खंतावण्यासारखी गोष्ट आहे. दोघांनाही एकमेकांना सांगण्यासारखे पुष्कळ होते. घराबाहेर हिंदी आणि घरात मायबोली ही कसरत दोघांनीही केली, आणि नातवंडांच्या तोंडून ती मायबोली निसटताना दोघेही आज पाहत आहेत.

इटलीतल्या लोकांनी मात्र एक धडा घालून दिला आहे. जुलै २०२३ मध्ये मोंतोने येथे नायक यशवंत घाडगे यांचे स्मारक उभे राहिले. त्याचा आकार सूर्यघटिकेचा आहे आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याला जोडलेले आहे. जे सैन्य एके काळी त्यांच्या मुलांना कैद करून घेऊन गेले होते, त्याच सैन्यातल्या एका शिपायाचे हे स्मरण आहे. पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. उपकाराची आणि दुःखाची आठवण पाऊणशे वर्षांनीही जपता येते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

आपल्याकडे अशा आठवणी दगडात नाहीत, त्या कपाटांत आहेत. आपल्यातल्या कित्येक घरांच्या मूळ गावी कुणी पणजोबा, चुलत आजोबा पलटणीत होते. त्यांचे गणवेशातले पिवळे पडलेले छायाचित्र, सुटीचा परवाना, एखादे पदक, बसऱ्याहून किंवा नेपल्सहून आलेले लष्करी शिक्क्याचे पत्र अजून कुठे तरी ट्रंकेत असेल. ज्या पिढीला त्यातली नावे ओळखता येत होती ती जवळजवळ गेली. ज्या पिढीने तिच्या तोंडून ऐकले ती आता साठी-सत्तरीत आहे. यापुढच्या पिढीला ते कागद म्हणजे रद्दी वाटली तर दोष तिचा नसेल.

म्हणून या अंकाच्या वाचकांना आमची विनंती अशी. प्रत्येक घराने एक पान लिहावे. युद्धात कोण होते, कोणत्या पलटणीत होते, कोठे गेले, केव्हा परतले अथवा परतले नाहीत. आणि आपले घराणे भोपाळला केव्हा, कोठून, कशासाठी आले. छायाचित्राच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने नाव आणि गाव लिहून ठेवावे. ज्यांचा बैरागढच्या एखाद्या वडीलधाऱ्या सिंधी गृहस्थाशी घरोबा आहे त्यांनी त्यांच्याकडून पहिल्या दिवसांची हकिकत विचारून उतरवून घ्यावी. बराकी कशा होत्या, भिंतींवर परक्या भाषेत काही लिहिलेले होते काय, पहिली चूल कोठे मांडली. ही पाने मंडळाच्या ग्रंथालयात एका फायलीत ठेवली जावीत. सरकारी दप्तरात छावणीतील माणसांची संख्या सापडेल, बराकींचा खर्चही सापडेल. पहिली चूल कोठे मांडली हे मात्र आपणच लिहिले तर राहील.